फाळणीवरची पुस्तकं कोणत्या क्रमानं वाचावीत?

वाचनखूण: चार पुस्तकं वाचून झाली. एकात दोष जिनांचा, दुसऱ्यात नेहरूंचा, तिसऱ्यात माउंटबॅटनचा. हा गुंता सोडवायला सुरुवात कुठून करू?

जुनाकागद: आधी तारखा वहीत उतरवा. १६ मे १९४६, कॅबिनेट मिशनची योजना: देश एक, प्रांतांचे तीन गट, केंद्र दुबळं. १० जुलै, नेहरूंची मुंबईतली पत्रकार परिषद: काँग्रेस योजनेनं बांधलेली नाही, असा सूर. २९ जुलै, मुस्लिम लीगनं योजनेची मान्यता काढून घेतली. १६ ऑगस्ट, लीगचा ‘प्रत्यक्ष कृती दिन’ आणि कलकत्त्याची दंगल. २० फेब्रुवारी १९४७, ब्रिटिश पंतप्रधान ॲटलींची सत्ता सोडण्याची घोषणा. मग ३ जून, फाळणीची योजना. आता प्रत्येक लेखक गोष्ट कुठून सुरू करतो ते बघा. लीगच्या १९४० च्या लाहोर ठरावापासून (मुस्लिमांसाठी वेगळ्या राज्यांची मागणी) निघणाऱ्याला आणि जुलै १९४६ पासून निघणाऱ्याला दोषी वेगळाच सापडणार.

नकाशेवाला: माझं मत, आंबेडकरांचं ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ सर्वांत आधी. पहिली आवृत्ती १९४० ची, म्हणजे पश्चातबुद्धीला वावच नाही. आणि परिशिष्टांतले लोकसंख्येचे तक्ते कृपया गाळू नका! तिथूनच पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्याचा वाद कळतो. जिल्ह्यात मुस्लिम ५१ टक्क्यांच्या आसपास. जिल्हा हे एकक धरलं तर तो पाकिस्तानात जातो. तहसील धरली तर हिंदुबहुल पठाणकोट तेवढी भारतात येते. प्रत्यक्षात बटाला आणि गुरदासपूर तहसिलीही भारतात आल्या, फक्त शकरगड गेली. कारण सीमा आखणाऱ्या रॅडक्लिफ यांना लोकसंख्येसोबत ‘इतर घटक’ बघायलाही सांगितलं होतं. त्यात कालवे आले, रेल्वे आली. रॅडक्लिफ ८ जुलैला भारतात आले आणि सीमेचा निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर. सीमेवरच्या गावांना आपण कोणत्या देशात आहोत हे १५ ऑगस्टला ठाऊक नव्हतं. हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

जुनाकागद: प्रकाशनाचं सालही बघत जा. सत्तांतराची ब्रिटिश कागदपत्रं १२ खंडांत छापली गेली ती १९७० ते १९८३ दरम्यान. त्याआधीच्या लेखकांची भिस्त बरीचशी आठवणींवर. मौलाना आझादांच्या ‘इंडिया विन्स फ्रीडम’ या आत्मकथनातली राखून ठेवलेली ३० पानं तर १९८८ मध्ये खुली झाली, तेव्हा आवृत्ती त्यानंतरचीच घ्या.

वाचनखूण: आणि मृतांचा आकडा?

नकाशेवाला: २ लाखांपासून २० लाखांपर्यंत अंदाज आहेत. एकच आकडा ठामपणे देणारं पुस्तक दिसलं की तो कुठून घेतला ते तळटीपेत शोधा. बायकांवर काय गुदरलं यासाठी उर्वशी बुटालिया वाचाच. पण त्या मुलाखती मुख्यतः पंजाबच्या. बंगालमधलं स्थलांतर पुढे कित्येक वर्षं चालू होतं, त्यासाठी जया चटर्जी.