मदत हवी आहे: एकाच गिटारमध्ये सगळं भागवायचंय, कुठलं सिग्नेचर मॉडेल घेऊ?

सहा तारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

या विषयावर घरच्यांचं डोकं खाऊन झालंय, आता तुमचं खातो. मी ठाण्यात असतो, आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रा. म्हणजे सुरुवातीला भावगीतं, मग सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी, मध्यंतरानंतर नाचायची गाणी, आणि शेवटी आयोजकांच्या पुतण्याला हवं असलेलं एखादं रॉक. शिवाय मित्रांचा प्रोग्रेसिव्ह रॉकचा बँड आहे, शो कमी आणि भांडणं जास्त, आणि अधूनमधून जिंगल्सचं रेकॉर्डिंग. तर मला मऊ क्लीन टोन हवा, फंकला सिंगल कॉइलची (एका गुंडाळीचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारा चुंबक) ती टणटणीत धार हवी आणि लीडला जाडजूड हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप, गुणगुण न पकडणारा) पण हवा, आणि हे सगळं गिटार न बदलता, कारण दोन गाण्यांच्या मधे निवेदक बोलेल तेवढाच वेळ हातात असतो. निवेदक काही कमी बोलत नाहीत म्हणा, पण भरवसा नाही.

सध्या लॉकिंग ट्रेमची (दांडीनं सूर हलवता येणारा तरंगता ब्रिज आणि वर तारा घट्ट पकडणारा नट) जुनी जपानी गिटार आहे. तिच्यावर जीव आहे पण स्टेजवर एक तार तुटली की उरलेल्या पाचही वर चढतात आणि मग ते गाणं कीबोर्डवाल्याच्या कृपेवर.

बजेट साडेतीन लाख, फार ताणलं तर चार. नवरात्राच्या आधी मेहुणा न्यू जर्सीहून येतोय, तो घेऊन येईल, ड्यूटी जी बसेल ती भरायची तयारी आहे. वाजवून बघायची सोय मात्र नाही. धोबी तलावला चक्कर मारली, तिथे भिंतीवर गिटारी भरपूर पण माझ्या यादीतली एकही नाही.

यादी अशी, सगळ्या सिग्नेचर, म्हणजे एखाद्या नामवंत वादकाच्या नावानं काढलेल्या:

म्युझिक मॅन ल्यूक थ्री. स्टीव्ह ल्युकॅथरची. तो टोटो बँडमधला, पण त्याआधीपासून लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये कुणाच्याही गाण्यावर वाजवून देणारा माणूस, म्हणून मला वाटतं त्याची गिटार माझ्यासारख्याला चालावी. पूर्वीच्या ल्यूकमध्ये इएमजीचे ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) पिकअप असायचे, थ्रीमध्ये पॅसिव्ह (बिनबॅटरीचे) दिमार्झिओ आले. एचएसएस (एक हंबकर, दोन सिंगल कॉइल) आणि एचएच (दोन हंबकर) दोन्ही प्रकारांत आली, मला अर्थातच एचएसएस.

म्युझिक मॅन जेपी१५. जॉन पेट्रुचीची. चोवीस फ्रेट, रोस्टेड मेपलची नेक, व्हॉल्यूमचं बटण दाबलं की वीस डीबीचा बूस्ट, आणि ब्रिजमध्ये पिएझो, म्हणजे त्याच गिटारवर अकूस्टिकसारखं स्ट्रमिंग. भावगीतांसाठी हे स्वप्नच. पण सिंगल कॉइल नाहीत.

आयबानेझ पीआयए. स्टीव्ह वाय, २०२० ला आली. एचएसएच. दिसायला इतकी भारी की ऑर्केस्ट्रात झब्ब्यावर घेऊन उभं राहायची लाज वाटेल.

पीआरएस सिल्व्हर स्काय. जॉन मेयरची, २०१८ ची, तेव्हा अमेरिकेत २,२९९ डॉलरला होती. क्लीन टोन ऐकून रडू येतं. पण तीन सिंगल कॉइल आणि ७.२५ इंचाचा रेडियस (फळीची गोलाई).

शिवाय मेहुणा म्हणतोय रोझवूडचं काही लफडं असतं, विमानात अडवतात, खरंय का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि कृपया "आधी रियाज करा" असं कुणी लिहू नका, ते बायको रोज सांगते.

कोकणी फझ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पीआयए आधी काढून टाका. गिटार वाईट नाही हो, पाच पोझिशनचा स्विच आहे आणि दुसऱ्या-चौथ्या पोझिशनला हंबकरची एक कॉइल आणि मधला सिंगल असं मिळून छान पातळ टोन निघतो, त्यामुळे टोन म्हणाल तर यादीतली सगळ्यात बहुरंगी तीच असेल. पण ब्रिज तोच, एज, तरंगता आणि वर लॉकिंग नट. जो त्रास आत्ता आहे तोच चार लाखात परत विकत घेणार का? गायिकेनं आयत्या वेळी "आज घसा बसलाय, काळी चार नको पांढरी पाच करा" म्हटलं तर तुम्ही पोझिशन सरकवून वाजवाल, पण ड्रॉप डी (सगळ्यात जाड तार एक सूर उतरवणं) लागलं की संपलं, ॲलन की शोधेपर्यंत मुखडा होऊन जातो.

सहा तारा

@कोकणी फझ, हा मुद्दा पटला. आणि अजून एक, भावगीतात मी मींड घेताना खालची तार वाजती ठेवून वरची ओढतो, तरंगत्या ब्रिजवर खालची तार उतरते आणि सगळं बेसूर. पीआयए बाद.

पेडलवाली

मी सिल्व्हर स्काय वाजवते, स्टुडिओत. तिथे तिला तोड नाही. पण तुम्ही मंडपात वाजवणार ना? जनरेटर, डिमर, एलईडीच्या भिंती, आणि आपल्याकडचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट, तिन्ही सिंगल कॉइल हे सगळं मनापासून पकडतात. स्विचच्या दोन आणि चार नंबरला तो कमी होतो, कारण मधला पिकअप उलट गुंडाळलेला असतो, पण एकट्या नेक पिकअपवर गेन वाढवून बघा. नॉइज गेट लावाल तर लांब सुराची शेपटी कापली जाते, आणि भावगीतात तीच तर हवी असते.

रेडियसचं पण खरं आहे. ७.२५ म्हणजे फळी बरीच गोल, कॉर्ड धरायला हाताला गोड लागते पण ॲक्शन (तारांची फळीपासूनची उंची) खाली ठेवून दीड-दोन सुरांची मींड ओढली तर तार वरच्या फ्रेटला घासून मरते. ॲक्शन वर घ्यावी लागते. २०२२ ला आलेल्या एसई सिल्व्हर स्कायला त्यांनी ८.५ केलाय, तो जरा बरा.

रोझवूडबद्दल: २०१७ च्या जानेवारीपासून सगळ्या रोझवूडवर साइट्सची (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं लागायला लागली होती, त्या काळात लोकांना खरंच त्रास झाला. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. फक्त ब्राझिलियन रोझवूड अजून कडक यादीत आहे, जुन्या गिटारींवर असतं ते, तुमच्या यादीत त्याची भीती नाही. मेहुण्याला म्हणावं बिल जवळ ठेव आणि सरळ कस्टम्सच्या रेड चॅनलनं ये.

बेसवाला बंड्या

साडेतीन लाखात एक चांगली इंडोनेशियन गिटार, एक ॲम्प आणि कोकणात आठ दिवस. स्टेजखालच्या माणसाला फरक कळत नाही.

सहा तारा

@बेसवाला बंड्या, खालच्याला कळत नाही हे मान्य, पण वाजवणाऱ्याला कळतो आणि पैसे वाजवणारा देतोय :)

@पेडलवाली, खूप धन्यवाद, मेहुण्याला कळवलं. सिल्व्हर स्काय जड अंतःकरणानं बाद. म्हणजे आता ल्यूक विरुद्ध जेपी१५. जेपीचे हंबकर स्प्लिट करून फंकचं भागेल का?

पेडलवाली

स्प्लिट म्हणजे हंबकरची एक कॉइल बंद करणं. टोन पातळ होतो, पण आवाजही पडतो आणि त्याला खऱ्या सिंगल कॉइलचा टणत्कार येत नाही. रेकॉर्डिंगला चालून जातं कारण पातळी नंतर वाढवता येते. लाइव्हमध्ये ढोलकी चालू असताना एकदम गायब व्हाल. जेपी घ्यायची तर पिएझोसाठी घ्या, तो मात्र खरंच कामाचा आहे, त्याला बॅटरी लागते तेवढं लक्षात ठेवा आणि एक खिशात असू द्या. ल्यूकच्या बूस्टलाही बॅटरी आहेच.

दोन्ही म्युझिक मॅनची एक गोष्ट कुणी बोलत नाही. ट्रस रॉडचं (नेकचा वाक सुधारणारी आतली सळई) चाक नेकच्या बुडाशी उघडं असतं, नेक काढायला लागत नाही, बारीक दांडी घालून फिरवा की झालं. जूनमध्ये नेक एकीकडे आणि डिसेंबरात दुसरीकडे जाते आपल्या हवेत, एसी स्टुडिओतून उघड्या मैदानात गेलात तर एका दिवसात पण. ही सोय मी कुठल्याही पिकअपच्या वर ठेवीन.

रागदारी रिफ

उशिरा आलो. सगळे वाद वाचले, पण यादीत पीआरएस डीजीटी का नाही कुणी सांगेल का? डेव्हिड ग्रिसमची, २००७ पासून आहे. टेक्ससचा माणूस, जॉन मेलनकॅम्पबरोबर वाजवलेला, आपल्याकडे नाव फारसं माहीत नाही म्हणून गिटार पण कुणाच्या तोंडी येत नाही. ही लोकांनी नावासाठी नाही, वाजवायला घेतलेली सिग्नेचर आहे.

दोन हंबकर, पण दोघांना वेगवेगळे व्हॉल्यूम आणि टोनचं बटण ओढलं की स्प्लिट. आता ऑर्केस्ट्रात याचा उपयोग सांगतो. नेकचा व्हॉल्यूम सहावर ठेवायचा, ब्रिजचा दहावर. अंतऱ्यात नेकवर क्लीनसारखं वाजवायचं, सोलो आला की फक्त टॉगल (पिकअप निवडायचा स्विच) खाली, पेडलला पाय पण लावायचा नाही. मधे ठेवून दोन्ही व्हॉल्यूम थोडे मागेपुढे केले की इतके रंग निघतात की पाच पोझिशनचा स्विच कमी वाटतो. वर @पेडलवाली म्हणाल्या तो स्प्लिटचा आवाज पडण्याचा प्रॉब्लेम पण यात सांभाळता येतो, कारण हंबकर मुळातच सहा-सातवर वाजत असतो आणि स्प्लिट केल्यावर वर जायला जागा उरते.

ट्रेम साधा, लॉकिंग नट नाही. ट्रेमला मागून दोन्ही बाजूंनी लाकडाचे तुकडे लावून घेतलेत तर तार तुटली तरी गाणं निभेल आणि वरची मींडची अडचणही जाईल. स्केल २५ इंच, म्हणजे फेंडरपेक्षा अर्धा इंच कमी, ताण किंचित कमी लागतो. ग्रिसम स्वतः ११ च्या (सगळ्यात बारीक तार ०.०११ इंच) तारा लावतो, तुम्ही १० लावल्यात तर मींड लोण्यासारखी.

तोटा सांगायचा तर बावीसच फ्रेट, आणि प्रोग्रेसिव्हवाल्या मित्रांना ती "काकांची गिटार" वाटेल. आणि फंकची खरी सिंगल कॉइल धार ल्यूक एचएसएसमध्येच, हे मान्य करतो.

कोकणी फझ

रागदारी रिफ +१. मी ल्यूकच्या बाजूनं लिहायला आलो होतो पण दोन व्हॉल्यूमवाला मुद्दा जबरी आहे.

अवांतर: चार्वेलची गथ्री गोव्हनवाली कुणी वाजवलीय का? एचएसएच आहे आणि छोटा टॉगल दाबला की हंबकर सिंगलसारखा वाजतो म्हणतात, तेही गुणगुण न येता.

पेडलवाली

अवांतरासाठी वेगळा धागा काढा, मी येते तिथे.

सहा तारा

डीजीटी माझ्या डोक्यातच नव्हती. काल रात्री बसून व्हिडिओ बघितले, दोन व्हॉल्यूमचं कळलं, आणि ऑर्केस्ट्राच्या यादीतली गाणी मनात वाजवून बघितली तर साठ टक्के नेक पिकअपवरच आहेत. फंकची दोन-तीन गाणी सोडली तर ल्यूकची मधली-पुढची सिंगल कॉइल मी कितीदा वापरणार? आणि पिएझोचा मोह आहेच, पण भावगीताला आमच्याकडे अकूस्टिकवाला मुलगा वेगळा असतो, त्याच्या पोटावर पाय कशाला.

म्हणजे आता डीजीटी पुढे, ल्यूक एक पाऊल मागे. पण न वाजवता एवढे पैसे घालायला हात धजत नाही. नेकची जाडी हातात घेतल्याशिवाय कळत नाही, माझे तळवे लहान आहेत. मुंबई, ठाणे, पुणे, कुणाकडे डीजीटी असेल तर तासभर वाजवू द्याल का? २०२३ ला आलेली एसई डीजीटी असली तरी चालेल, निदान व्हॉल्यूमचा खेळ हाताला बसतो का ते कळेल. तारा मी नवीन घालून देईन, वडापाव माझ्याकडून.

खर्जातला

माझ्याकडे एसई आहे, कोथरूडला. रविवारी सकाळी या, दुपारी शेजारी झोपतात. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करतो. तारा १० च्याच आणा.