सब-कॉन्ट्रॅक्टचे बिल थकले आहे, कायद्याने काय करता येईल?

गिलावा_पुणे: गिलाव्याचे काम, निव्वळ मजुरीवर. सिमेंट-वाळू मुख्य कंत्राटदाराची. वर्क ऑर्डर आहे. शेवटचे आरए बिल (काम होत जाईल तसे द्यायचे बिल) ९ लाख ४० हजारांचे, वर ५ टक्के रिटेन्शन (हमी म्हणून राखून ठेवलेली रक्कम), दोन्ही दीड वर्षापासून अडकले आहेत. ‘बिल्डरकडून आले की देतो’ एवढेच उत्तर मिळते. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) काम घेण्याआधीची आहे. थेट बिल्डरकडे मागता येतील का?

दिवाणी_बाजू: बिल्डरने लेखी हमी दिली नसेल तर त्याच्यावरचा दावा सहसा टिकत नाही, कारण करार तुमचा मुख्य कंत्राटदाराशी आहे. नोटिशीची प्रत मात्र त्याला स्पीड पोस्टाने पाठवाच. मुख्य कंत्राटदाराचे रिटेन्शन बहुधा त्याच्याकडे असते, दबाव तिथून येतो.

दावा लावायची मुदत ३ वर्षांची. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर ती काम झाल्यापासून धावते, आणि तोंडी वायद्यांनी थांबत नाही. मुदत संपण्याआधी सहीची लेखी कबुली मिळवा, म्हणजे ती नव्याने सुरू होते.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे साइट इंजिनिअरच्या सहीची मेजरमेंट शीट (झालेल्या कामाच्या मोजमापाचा तक्ता). सही नसेल तर संयुक्त मोजणीसाठी आजच ईमेल करा, गिलाव्यावर रंग चढला की जाडी आणि क्षेत्रफळावर वाद घालणे त्यांना सोपे जाते. २६एएस (प्राप्तिकराच्या पोर्टलवरचा तुमच्या टीडीएसचा तक्ता) उघडून या बिलावर टीडीएस कापलाय का बघा. कापला असेल तर त्यांच्या वहीत बिल चढलेले आहे. तेवढ्याने कर्जाची कबुली होत नाही, पण ‘बिल मिळालेच नाही’ असे म्हणणे अवघड होते. व्हॉट्सअॅपच्या पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. ज्या फोनवर मेसेज आले तो विकू नका.

लघुउद्योग_सल्ला: तुमच्यासाठी मी एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिल (लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणारी सरकारी परिषद) आधी धरेन. २००६ च्या एमएसएमई कायद्यात करार काहीही म्हणो, पैसे द्यायला ४५ दिवसांपलीकडे मुदत नाही. ‘बिल्डरकडून आले की’ ही अट तिथे चालत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, मासिक चक्रवाढीने. आधी समेट, तो फसला तर लवाद. निवाड्याला आव्हान द्यायला त्यांना ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

खाच एकच, पण मोठी: माल आणि मजुरी एकत्र असलेली वर्क्स कॉन्ट्रॅक्ट मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्याबाहेर ठेवली आहेत. तुमच्या बिलात चिकन मेश (गिलाव्याखालची जाळी) किंवा बाँडिंग केमिकलची ओळ असेल तर समोरचा वकील नेमके त्यावरच बोट ठेवेल.

गिलावा_पुणे: बिलात मालाची एकही ओळ नाही. आणखी एक, त्यांनी दिलेला ३ लाखांचा चेक गेल्या आठवड्यात परत आला.

दिवाणी_बाजू: मग घड्याळ सुरू झाले आहे. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम १३८ ची (चेक न वटल्याबद्दलची) नोटीस द्या. ती त्यांना मिळाल्यावर १५ दिवस वाट पाहा, नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. या नोटिशीत फक्त चेकचे ३ लाख मागा. नुसती सगळी थकबाकी एकरकमी मागितली की नोटीस रद्द ठरते आणि खटला तिथेच पडतो. बाकीच्या रकमेची नोटीस वेगळी.

लघुउद्योग_सल्ला: कौन्सिलने अर्ज घेतला नाही तर व्यापारी न्यायालय, ३ लाखांपासून. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळली तर दावा फेटाळला जातो. मध्यस्थीचा काळ मुदतीत मोजत नाहीत. एनसीएलटीचा (कंपनीच्या दिवाळखोरीचे प्रकरण चालते ते न्यायाधिकरण) विचार सोडा, तिथे किमान थकबाकी १ कोटी लागते.