मदत हवी आहे: पावडर पफच्या कळ्या उमलण्याआधीच गळतात

कोथरूडला आमच्या पूर्वेच्या गॅलरीत, १४ इंची कुंडीत, दोन वर्षांचा लाल पावडर पफ आहे. पाला हिरवागार, संध्याकाळी लाजाळूसारखा मिटतो. कळ्याही येतात, कच्च्या तुतीसारख्या दिसणाऱ्या. पण पाचांतली एखादीच फुलते. बाकीच्या तपकिरी होतात आणि बोट लागलं की टपकन गळतात. रात्री पारा १० अंशांवर आला की जास्तच. झाड मूळचं बोलिव्हियाचं, मग गारठा बाधतोय की माझं पाणी चुकतंय?

सासूबाई म्हणतात, शेणखत घाल. पण शेंगवर्गातलं झाड, मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळवतं. आणखी खताने नुसता पालाच माजेल ना? छाटणी कधी करता? शेजारच्यांचा शंकासुर मात्र कुणी ढुंकून न बघता फुललाय (अर्थात तो जमिनीत आहे). कुंडीत पावडर पफ फुलवलेल्यांनी प्लीज सांगा.