कोटेशनमध्ये राउंडिंग: दर ओळीला की शेवटी एकदाच?

भोसरीचा_पॅनेलवाला
काल इथे सल्ला वाचला: 'कोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक दर वरच्या पाच रुपयांवर न्यायचं सेटिंग टाका, गिऱ्हाईक सुट्या पैशांकडे बघत नाही.' खाली अंगठ्यांची रांग! केबलचा खरेदी दर मीटरला १८.३७. बावीस टक्के चढवले की २२.४१, तुमच्या नियमाने २५. तीन हजार मीटरवर ७,७७० रुपये जास्त. हे बघेल ना गिऱ्हाईक? बावीस टक्क्यांचे छत्तीस झाले. त्याच कोटेशनमधल्या ४२ हजारांच्या ब्रेकरवर मात्र फार तर चार रुपये वाढणार. हलक्या मालाला पैशांत राउंड करा, भारी मालाला दहात-शंभरात. नाहीतर दर तसेच ठेवून खाली एकूण रकमेवर एकदाच.

काउंटरवाला
तो सल्ला माझा. मी केबल पाच-दहा मीटर विकतो. ४१ पैसे कुठून आणू? चार आणे २०११ मध्येच बंद झाले. आधी दुकान चालवा, मग शिकवा.

भोसरीचा_पॅनेलवाला
दहा मीटरचे २२४.१०, घ्या २२४. त्याला पैसे कशाला लागतात? आणि विषय कोटेशनचा चाललाय.

काउंटरवाला
जीएसटीच्या कलम १७० मध्येच रुपयात राउंड करा म्हटलंय. आता बोला.

हिशेबनीस_ताई
ते कराच्या रकमेबद्दल आहे हो, तुमच्या विक्रीदराबद्दल नाही. खरी गोम दोघांनीही सोडली. एक्सेलच्या सेलमध्ये दिसतं २२.४१, आत असतं २२.४११४. तीन हजारांनी गुणलं की शीटवर ६७,२३४.२० आणि कॅल्क्युलेटरवर ६७,२३०. आमचं एक बिल या ४.२० पायी गिऱ्हाइकाच्या अकाउंट्सने परत पाठवलं, पीओशी, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरशी, जुळेना म्हणून. फॉरमॅट बदलून दशांश नुसते झाकू नका. आधी दरच दोन दशांशांवर राउंड करा, मग नगांनी गुणा.

सांगलीचा_ठेकेदार
दशांश कसले घेऊन बसलात! शेवटी परचेसवाला म्हणतो, 'राउंड फिगर करा', आणि ४,१७,३०० चे चार लाख होतात. म्हणून मी मुद्दाम शेपूट ठेवतो.

भोसरीचा_पॅनेलवाला
शेपूट दिसतं म्हणूनच छाटतो तो. बावीस टक्के मार्कअप धरला तर ४,१७,३०० मध्ये नफा साधारण ७५ हजार. त्यातले १७,३०० गेले, म्हणजे जवळजवळ पाव नफा एका वाक्यात.

परचेसमधला
मीच तो. आमच्या तुलनातक्त्यात 'वाटाघाटीनंतरची घट' असा रकाना असतो. तो रिकामा राहिला की साहेब मलाच विचारतात. ४,१७,३०० आणलेत तर १७,३०० मागणारच. ४,०३,४०० आणा, ३,४०० वर भागेल.

सांगलीचा_ठेकेदार
वा! म्हणजे तुमचा रकाना भरायला माझ्या पोराची फी.

परचेसमधला
पोराला मध्ये आणू नका. मुद्दाम चढवून आणतो हे तुम्हीच वर लिहिलंय.

सांगलीचा_ठेकेदार
चढवतो, कारण पेमेंट चार-चार महिने लटकतं. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे. तो कोणत्या रकान्यात भरता?

हिशेबनीस_ताई
धागा राउंडिंगचा होता.

सांगलीचा_ठेकेदार
ताई, तुमचे सव्वाचार रुपये अडकले, माझे लाख अडकलेत.

हिशेबनीस_ताई
सव्वाचारपायी अख्खं बिल परत आलं होतं. ६७ हजारांचं. नीट वाचा.

काउंटरवाला
चला, कोटेशनपुरतं ताईंचं मान्य. मोठ्या ऑर्डरला केबल आणि ब्रेकर एकाच नियमात बसवू नयेत, हेही एक वेळ मान्य, भोसरीकर खूश होत असतील तर. काउंटरवर मात्र पाचाच्या पटीतच.

भोसरीचा_पॅनेलवाला
उपकार झाले.

सांगलीचा_ठेकेदार
परचेसवाले साहेब ऑनलाइन दिसतायत. ४५ दिवसांचं काय?