द्वेषमूलक गुन्ह्यांच्या आकड्यांवर कितपत विसंबावे?

प्रश्न : मी प्रबंधासाठी अमेरिकेतील द्वेषमूलक गुन्ह्यांचा अभ्यास करते आहे. एफबीआयने 2015 साठी अशा 5,850 घटना नोंदवल्या, तर न्याय विभागाच्या पीडित सर्वेक्षणाचा 2004 ते 2015 या काळाचा अंदाज वर्षाला सरासरी 2,50,000 गुन्ह्यांचा आहे. कोणता आकडा आधाराला घ्यावा?

प्रतिसाद 1 : दोन्ही घ्यावेत. एफबीआयकडे पोलिसांनी कळवलेल्या घटनाच पोहोचतात आणि स्थानिक पोलिसांवर तसे कळवण्याचे केंद्रीय बंधन नाही. सर्वेक्षण मात्र थेट लोकांना विचारते, त्यामुळे भीतीपोटी पोलीस ठाण्याची पायरी न चढलेला माणूसही त्यात येतो. शून्य कळवणारे शहर निर्धोक आहे, असे कृपया गृहीत धरू नका.

प्रतिसाद 2 : सर्वेक्षणालाही मर्यादा आहे. ते हयात व्यक्तींच्या मुलाखतींवर उभे असल्याने खून त्यात मोजलेच जात नाहीत, आणि माझ्या मते हीच उणीव सर्वांत गंभीर आहे.

प्रतिसाद 3 : राजकीय हिंसाचाराकडे वळणार असाल, तर मेरीलँड विद्यापीठाचा जागतिक दहशतवादाचा माहितीसंच पाहा. त्यात 1970 पासूनच्या नोंदी आहेत. मात्र 1993 च्या नोंदी मूळ संकलकांच्या कार्यालयाच्या स्थलांतरात गहाळ झाल्या, म्हणून आलेखातील ती पोकळी शांततेची खूण मानू नये.