जावातलं अर्धा बाउ खाचर: सर्टिफिकेट करावं की 'लेतेर चे'वरच चालू द्यावं?

पाटकरी

मध्य जावातल्या क्लातेन, स्रागेन या भातपट्ट्यात एक घोळ हमखास सापडतो. बाप जाऊन दहा-पंधरा वर्षं झाली, सावाह (आपलं भातखाचर) अजून त्याच्याच नावावर, आणि कागद म्हणजे गावकचेरीतल्या वहीतली एक ओळ. या वहीला 'लेतेर चे' म्हणतात. ती चारिककडे, म्हणजे गावच्या चिटणिसाकडे असते. ओळीत नाव, पेर्सिल (म्हणजे जमिनीचा तुकडा) नंबर आणि जमिनीची प्रत: 'एस' म्हणजे सावाह, 'डी' म्हणजे कोरडी जमीन, पुढे रोमन आकडा. आपल्या सातबाऱ्याची ही चुलतबहीण. जन्म साऱ्यासाठी, लोक धरून बसले मालकीसाठी.

२०२१ च्या शासकीय नियम १८ ने लेतेर चे, गिरिक, पेतोक डे अशा जुन्या कागदांना पाच वर्षांची मुदत दिली, २ फेब्रुवारी २०२६ पर्यंतची. त्यानंतर हे कागद मालकीचा पुरावा नाहीत, नुसता माग काढायला उपयोगी. जमीन सरकारजमा होणार ही मात्र निव्वळ अफवा. ताबा असेल तर नोंदणी पुढेही होते, फक्त सगळा भार ताबा सिद्ध करण्यावर येतो.

माझं मत: सामूहिक नोंदणीची योजना (पीटीएसएल) गावात आली की त्याच फेरीत करून टाका. ओळखपत्र, कुटुंबपत्र, लेतेर चेचा उतारा, यंदाची करपावती आणि ताब्याचं प्रतिज्ञापत्र. जुना कागद नसेल तर सलग २० वर्षांचा निर्वेध ताबा आणि दोन साक्षीदार. मग हद्दीचे खांब, मोजणी, १४ दिवस जाहीर नोटीस, हरकत नसेल तर मालकीचं सर्टिफिकेट. जावा-बालीसाठी गावपातळीचा खर्च २०१७ च्या तीन मंत्र्यांच्या संयुक्त आदेशाने दीड लाख रुपिया ठरलाय: कागदपत्रं, खांब, मुद्रांक, गावच्या माणसांची ये-जा. मोजणीचे पैसे सरकारचे. संधी हुकली तर स्वखर्चाने अर्ज, आणि तो बराच महाग पडतो.

खांबांबद्दल एक. लोखंडी पाइप घालायचा तर किमान एक मीटर लांब, पाच सेंटिमीटर व्यासाचा, ८० सेंटिमीटर जमिनीत, २० वर, वरच्या भागाला लाल रंग. बांधाच्या मध्यावर ठोकलात तर चिखलणीला ट्रॅक्टरची जाळीची चाकं पहिल्याच हंगामात वाकवतात. चार खाचरांचे बांध जिथे मिळतात तिथे ठोका, आणि ठोकताना शेजारी समोर उभा हवा. नंतर सही मागायला गेलात की त्याला आजोबाच्या वेळचा वीतभर बांध आठवतो.

बांधकोरी

(आयडीवर जाऊ नका, मी खांबांच्या बाजूचाच आहे.) पण क्रम उलटा सांगताय. मोजणी शेवटी, वाटणी आधी.

अर्धा बाउ घ्या. एक बाउ म्हणजे ५०० चौरस रू (तिथलं जुनं माप), ७,०९६ चौरस मीटर, आपल्या हिशेबाने एक एकर तीस गुंठे. अर्धा बाउ म्हणजे ३,५४८ चौरस मीटर. दोन मुलगे, दोन मुली. जावानी रिवाज दोन. एक 'सेपिकुल सेगेंडोङान': मुलगा कावडीवर दोन ओझी वाहतो, मुलगी पाठीवर एक. म्हणजे सहा वाटे. भावाला १,१८३ चौरस मीटर, बहिणीला ५९१. दुसरा रिवाज सरसकट समान, प्रत्येकी ८८७. एकाच गावात दोन्ही चालतात, आणि घर बहुधा म्हातारपणी सांभाळणाऱ्या अपत्याकडे जातं. त्यात बापाची मूळ जमीन वेगळी आणि लग्नानंतर दोघांनी मिळून घेतलेली गोनो-गिनी वेगळी. गोनो-गिनीत आईचा स्वतःचा वाटा आहे, तो बाजूला काढल्याशिवाय वारसा मोजायचाच नसतो. हे सगळं बसून ठरायला दोन ईद लागतात, कारण सगळी भावंडं गावी येतात ती ईदलाच. योजनेची फेरी ईदची वाट बघत नाही. मग होतं काय? गावात राहिलेला भाऊ एकट्याच्या नावाने फॉर्म भरतो. "नंतर बघू."

ते नंतर महागात पडतं. १९९७ च्या नोंदणी नियमातलं (क्रमांक २४) कलम ३२ वाचा: सर्टिफिकेट निघून पाच वर्षांत लेखी हरकत किंवा दावा आला नाही, आणि धारकाने जमीन सद्भावनेने घेऊन प्रत्यक्ष ताब्यात ठेवली असेल, तर इतरांना हक्क मागता येत नाही. जकार्ताजवळच्या तांगेरांगच्या कारखान्यात राबणारी बहीण १४ दिवसांची नोटीस वाचणार कुठे? गावकचेरीच्या फळ्यावर? लेतेर चेच्या ढिसाळ ओळीत तिचा हक्क निदान जिवंत राहतो.

पाटकरी

सद्भावना हा शब्द तुम्हीच लिहिलात आणि पुढे विसरलात. बहिणींना अंधारात ठेवून फॉर्म भरणाऱ्याची सद्भावना कोर्टात टिकवणं सोपं नाही. आणि वारसाच्या नोंदणीला वारस-दाखल्यावर सगळ्यांच्या सह्या लागतात. त्या न घेता केलं तर तो कागद रचलेला खोटेपणा आहे, तो दोष सर्टिफिकेटच्या माथी मारू नका.

ढिसाळ ओळ हक्क जिवंत ठेवते म्हणता, पण ती पेन्सिलीने खोडलेली असते हे सांगत नाही. एका पेर्सिलवर तीन नावं, मधल्यावर काट, तारीख नाही, सही नाही. जुना चारिक वही घरी घेऊन गेलेला. वहीतलं पान आणि करपावतीचं क्षेत्र यांचा मेळ नाही. करपावती म्हणजे मालकी असं समजणारे तर वेगळेच.

मुदतखरेदी

दोघंही गहाणाला हात लावत नाही. गावात खाचर सर्वांत जास्त कशापायी हातचं जातं? सेंडे. पैसे उचलायचे, खाचर देणाऱ्याने कसायचं, व्याज म्हणजे पीक. पैसे फिटेपर्यंत जमीन त्याच्याकडे, मग वीस वर्षं का होईना.

१९६० चा ५६ क्रमांकाचा कायदा याला चांगला लगाम घालतो. गहाण सात वर्षं चाललं की उभं पीक निघाल्यावर एक पैसाही न घेता जमीन परत करायची. त्याआधी सोडवायची तर सूत्र: साडेसातमधून गहाणाची वर्षं वजा करा, साताने भागा, उचललेल्या रकमेने गुणा. दोन कोटी रुपिया उचलले, चार वर्षं झाली, तर साडेतीन भागिले सात, म्हणजे निम्मे. एक कोटीत जमीन मोकळी.

सावकाराला हे पाठ असतं. म्हणून तो गहाणखत करतच नाही. एकेका वर्षाची 'सेवा' म्हणजे भाडेपट्टा लिहितो आणि दरवर्षी नवा कागद, नाहीतर परतीच्या अटीची विक्री. आपल्याकडची मुदतखरेदी, नाव तेवढं वेगळं. सर्टिफिकेट आलं की यात भर एवढीच की आता कागद त्याच्या कपाटात जातो. पूर्वी जमीन अडकायची, आता जमीन आणि कागद दोन्ही.

पाटकरी

मग सर्टिफिकेट बँकेत ठेवा ना. सरकारी सवलतीच्या केयूआर कर्जाला वर्षाला सहा टक्के पडतात, आणि दहा कोटी रुपियांपर्यंत नियमाने वेगळं तारणसुद्धा मागता येत नाही.

मुदतखरेदी

नियमाने. शाखेत "कागद असेल तर घेऊन या" असंच ऐकायला मिळतं.

उबिनान

तुम्ही तिघं मालकांचे वकील आहात. २०२३ च्या शेतीगणनेत अर्ध्या हेक्टरच्या आतली शेतकरी कुटुंबं इंडोनेशियाभर १ कोटी ६९ लाखांच्या घरात, आणि जावात अशांचीच गर्दी. यातले कित्येक दुसऱ्याचं खाचर कसतात. त्यांच्या हातात कुठला कागद?

मारो म्हणजे अर्धेली. मेर्तेलू म्हणजे कसणाऱ्याला एक तृतीयांश, म्रापात म्हणजे चौथाई. मारोत बियाणं-मजुरी बहुधा कसणाऱ्याची, खत कुठे निम्मंनिम्मं, कुठे सगळं त्याच्याच गळ्यात. १९६० च्या बटाई कायद्याने (क्रमांक २) करार लेखी, गावप्रमुखासमोर, दोन साक्षीदारांनिशी करायचा आणि सावाहला किमान तीन वर्षं, कोरडीला पाच द्यायची. गावात असा कागद शोधून दाखवा. सगळं तोंडी, हंगामापुरतं. आपल्या कुळकायद्यासारखी कूळ मालक होण्याची धास्ती तिथे मालकाला नाही, तरी लिहून देत नाहीत. सवलतीच्या खताच्या गटयादीत नाव घालायलासुद्धा बऱ्याचदा करपावती लागते, ती मालकाच्या नावावर.

आणि हिशेब बघा. अर्ध्या बाउला हेक्टरी साडेपाच टनाने साधारण १,९५० किलो ओलं भात. २०२५ च्या सरकारी दराने, किलोला ६,५००, एका हंगामाचे जवळपास १ कोटी २७ लाख रुपिया. मारोत निम्मे, त्यातून खर्च. बांधकोरींच्या समान वाटणीनंतर एका तुकड्यावर पिकतं ४८८ किलो. त्याचं मारो केलं तर कसणाऱ्याला २४४. एवढ्यासाठी कुणी नर्सरी टाकेल?

त्यात तेबासान. मळणीच्या आठवडाभर आधी पेनेबास येतो, बांधावरून नजर टाकतो, उभं पीक उक्तं घेतो, थोडा इसार देतो. दर पडला की "आडवं झालंय, कमी करा". त्याच्यावर उपाय कागद नाही, दोरी. अडीच बाय अडीच मीटरचा चौकोन आखा. कडेच्या ओळी टाळा, कडेला नेहमी भरघोस येतं. कापा, झोडा, पाखडा, तोला. किलोला १,६०० ने गुणलं की हेक्टरी उतारा. साडेतीन किलो भरलं म्हणजे ५.६ टन. हा आकडा हातात धरून पेनेबासशी बोला.

बांधकोरी

उबिनान, तुकड्यांचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. म्हणूनच तिथे 'गिलिरान' चालतं: खाचर एकच, भावंडं हंगामाहंगामाने पाळीने कसतात किंवा मारोला देऊन वाटा घेतात. बांध वाढत नाहीत, पाण्याची चीर एकच राहते. पाळी टिकते ती नावं कागदावर फुटली नाहीत म्हणून. ५६ क्रमांकाच्या कायद्यात दोन हेक्टरखाली तुकडा पाडणारी विक्री बंद आहे, पण वारसावाटणीला सूट, म्हणजे तुकडे होण्याची मुख्य वाट उघडीच. आपल्या १९४७ च्या तुकडेबंदीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

पाटकरी

गिलिरान मोडायची गरजच नाही. एक सर्टिफिकेट, त्यावर चौघांची नावं. विकायला, तारण ठेवायला चारही सह्या. बहीण सुरक्षित, खाचर अखंड.

बांधकोरी

चौघांतला एक जकार्तात. शेताच्या तालुक्यात किंवा लगतच्या तालुक्यात न राहणाऱ्याला शेतजमीन ठेवता येत नाही, १९६१ चा नियम. वारसाला एक वर्ष मिळतं. त्यात राहायला या किंवा वाटा दुसऱ्याला द्या. म्हणून लोक गावचं ओळखपत्र सोडत नाहीत आणि सगळा कारभार अर्धवट खोट्यावर उभा राहतो. शिवाय चौघांतला एक गेला की त्याची तीन पोरं आत. दुसऱ्या पिढीत सह्या अकरा.

उबिनान

आणि बेंगकोकवर लक्ष कोण ठेवणार? लुराहला (गावप्रमुखाला), चारिकला, पाटाच्या पाण्याचं बघणाऱ्या उलु-उलुला पदापुरती मिळालेली जमीन. पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाची आठवण येईल, पण ही वंशाने जात नाही, पद सुटलं की गावाकडे परत. मोजणीच्या फेरीत बेंगकोकचा कोपरा शेजारच्या खाजगी तुकड्यात ढकलायला एक खांब पुरतो. अशा जमिनीची नोंद गावाच्या नावानेच व्हायला हवी. नकाशा जाहीर झाला की पहिल्यांदा ती रेघ बघा.

पाटकरी

इथे उबिनान यांच्याशी पूर्ण सहमत. लुराहने पुढल्या चार हंगामांचं भाडं आगाऊ घेतलेलं असतं, तो भाडेकरूही स्वतःचा ताबा सांगायला उभा राहतो.

बांधकोरी, अकरा सह्यांचं मान्य. पण आज चार मिळतायत त्या घ्या. आणि कुठल्याही बाजूचे असा, आधी नाव तपासा. जावानी माणसाला बहुधा आडनाव नसतं. जुन्या पिढीत लग्नानंतर नाव बदलायचे, लहानपणचं एक, मोठेपणचं दुसरं. वहीत लहानपणचं, ओळखपत्रावर मोठेपणचं, मृत्युदाखल्यात तिसरंच स्पेलिंग. नोंदणीच्या समितीत फाइल इथेच अडते. दोन्ही नावं एकाच माणसाची असा दाखला गावकचेरीतून घ्यायचा, आणि त्यावर सही करायला बापाच्या वयाचे दोन साक्षीदार लागतात.

मुदतखरेदी

ते साक्षीदार आता ऐंशीच्या पुढे आहेत.