सातपुड्यात वाट दाखवायला टॅब पुरतो, वेगळं जीपीएस यंत्र कशाला?

घाटवाला_शहादा
धडगाव, मोलगी, तोरणमाळ पट्ट्यात गाडीने फिरणाऱ्याला दहा इंची टॅब पुरतो, हे माझं मत. हातातलं जीपीएस यंत्र वेगळं घेणं म्हणजे पैसे पाण्यात. रेंज गेली की जीपीएस गेलं, हा समज चुकीचा आहे. उपग्रहाचा सिग्नल पकडायला सिम लागत नाही, नेटही लागत नाही. नेट लागतं ते नकाशा उतरवायला, आणि ते काम शहाद्यात किंवा तळोद्यातच उरकायचं.

ऑस्मअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स या नेटशिवाय चालणाऱ्या नकाशाच्या ॲपमध्ये महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश, तिन्ही नकाशे उतरवा. मग एअरप्लेन मोड लावून जायचा भाग मोठा करून बघा, पाड्यांची नावं दिसली पाहिजेत. निघायच्या आधी नेट चालू ठेवून टॅब उघड्या आभाळाखाली धरा आणि जागा पकडू द्या. उपग्रहांच्या कक्षेची माहिती नेटवरून काही सेकंदांत येते. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून सेकंदाला ५० बिट या गतीने येते, एकेका उपग्रहाला साधारण अर्धा मिनिट. टॅब बरेच दिवस बंद असेल तर सगळ्या उपग्रहांची यादी यायला साडेबारा मिनिटं लागू शकतात. लोक दोन मिनिटांत वैतागतात आणि "जीपीएस खराब" म्हणून मोकळे होतात.

पायवाट_४६के
भो, "टॅब पुरतो" म्हणण्याआधी कोणता टॅब ते सांगा. फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिपच नसते, सिमवाल्या मॉडेलमध्ये असते. स्वस्त अँड्रॉइड टॅबचंही काही खरं नाही, कशात असते, कशात नसते. गावात आजूबाजूच्या वाय-फायवरून जागा बरोबर दिसते, म्हणून घेणारा फसतो. घाट चढायला लागलं की टिंब तळोद्यातच बसून राहतं. दुकानातून बाहेर येऊन जीपीएसटेस्ट ॲप उघडा. उपग्रहांची यादी भरली आणि अचूकता पाच मीटरच्या आसपास आली तरच पैसे द्या.

जळगावी_ऊन
चिप असली तरी मे महिन्यात काय करणार? ॲपल स्वतः आयपॅड ३५ अंशांपर्यंतच वापरा म्हणतं, आपल्याकडे सावलीत ४४-४५ असतं. डॅशबोर्डवर काचेमागे टॅब ठेवला की आधी स्क्रीन मंद होते, मग चार्जिंग थांबतं, शेवटी बंद. नेमकी वाट फुटते तिथे. हातातलं यंत्र असल्या उन्हाला बधत नाही.

घाटवाला_शहादा
डॅशबोर्डवर ठेवतंच कोण? एसीच्या जाळीवर होल्डर लावा. एसी नसेल तर काचेच्या रेषेखाली, गिअरजवळ. जाड रबरी कव्हर काढून ठेवा, ते उष्णता धरतं. चार्जर किमान १८ वॅटचा हवा. जुना ५ व्होल्ट १ अँपिअरचा चार्जर म्हणजे ५ वॅट, पूर्ण उजेडावरचा दहा इंची टॅब तेवढे सहज खातो. मग चार्जिंगची खूण दिसत असतानाच बॅटरी उतरत जाते.

पायवाट_४६के
हे झालं गाडीपुरतं. अस्तंबा शिखराच्या चढणीला टॅब कुठे धरणार? एक हात काठीला, दुसरा झाडाला. पावसात काचेवर थेंब पडले की नकाशा आपोआप सरकतो, ओल्या बोटाला दाद देत नाही. गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स २२एक्स या हातातल्या यंत्राला बटणं आहेत आणि दोन एए सेलवर ते २५ तासांपर्यंत चालतं. सेल धडगावच्या किराणा दुकानातही मिळतात.

अँड्रॉइडवर आणखी एक खोड. स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली ॲप झोपवलं जातं. नंतर ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, बघितला तर वळणाच्या वाटेऐवजी दरीवरून गेलेली सरळ रेघ. सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी "अनिर्बंध" केली नाही, तर आल्या वाटेने परतायला तो ट्रॅक कुचकामी.

तळोदेकर
दोघंही यंत्रावरून भांडताय, चुकतो तो नकाशा. सरदार सरोवर २०१९ मध्ये १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. अक्कलकुवा आणि अक्राणीतल्या नर्मदाकाठच्या गावांच्या जुन्या वाटा पाण्याखाली आहेत, पण सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर (छापील नकाशावर) त्या अजून ठळक दिसतात. फरशी पूल पावसाळ्यात बुडाला किंवा चांदसैली घाटात दरड आली, तर टॅबलाही कळत नाही आणि गार्मिनलाही. नेट नसताना ॲपने काढलेला "सगळ्यात जवळचा रस्ता" निमूट धरू नका. आधी रस्त्याचा प्रकार बघा. तुटक रेघ असेल तर ती पायवाट समजा, शेवटच्या पाड्यावर विचारा आणि मगच जीप घाला.

दुसरी चूक आकड्यांची. तोरणमाळ साधारण २१ अंश ५३ मिनिटं उत्तर, ७४ अंश २८ मिनिटं पूर्व. हेच कुणी २१.५३, ७४.२८ असं टाकलं की टिंब चाळीसेक किलोमीटर खाली, प्रकाशाच्या आसपास पडतं. मिनिटांना ६० ने भागायचं, मग २१.८८३ आणि ७४.४६७ येतात.

पायवाट_४६के
तळोदेकर, आपल्या भागाच्या जुन्या ४६ के क्रमांकाच्या शीटचा आणखी एक घोळ आहे. ती एव्हरेस्ट डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजायच्या जुन्या पायावर) आहे, टॅब डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या पायावर. फरक न जुळवता शीट ॲपमध्ये बसवली तर जागा शंभरेक मीटर सरकते. पठारावर काही बिघडत नाही, पण दरीत तुम्ही नाल्याच्या भलत्याच काठावर दिसता. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नव्या ओपन सिरीजच्या १:५०,००० शीट डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत आणि नोंदणी केली की फुकट मिळतात.

जळगावी_ऊन
मग सरळ उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्यावं ना? वाटही कळेल, मदतही मागता येईल.

तळोदेकर
ते घेऊ नका. इनरीच (गार्मिनचं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) किंवा सॅटेलाइट फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, परदेशी पर्यटक यात अडकलेत. उपग्रहाचा सिग्नल नुसता घेणाऱ्या यंत्राला ही अडचण नाही.

घाटवाला_शहादा
पायी चढायला टॅब अवजड, हे मान्य. पण तिथेही गार्मिनच का? टॅबवरची जीपीएक्स फाइल (वाट साठवलेली फाइल) खिशातल्या फोनमध्ये टाका, नकाशा तोच ठेवा, पॉवरबँक बरोबर घ्या. ईट्रेक्सच्या २.२ इंची पडद्यावर नाला कुठे आणि डोंगराची धार कुठे, हे उन्हात डोळे बारीक करूनही धड कळत नाही.

पायवाट_४६के
फोनची काच ओली झाल्यावर काय कळतं ते सांगा. आषाढात चढणार असाल तर मी बटणंच घेईन.